एका खेळण्याचा जीवनक्रम : ‘विनी-द-पू’ची चार पुस्तके कोणत्या क्रमाने वाचावीत?

अनेक भागांत प्रसिद्ध झालेला ग्रंथ कोणत्या क्रमाने वाचावा, हा प्रश्न वरवर पाहता ग्रंथपालाच्या नोंदवहीपुरता वाटतो. पण ज्यांनी लीळाचरित्राचे एकांक, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध हे भाग ओळीने वाचले आहेत, त्यांना क्रम हाही अर्थाचाच एक भाग असतो हे निराळे सांगावयास नको. बालसाहित्याच्या बाबतीत मात्र हा विचार सहसा कोणी करीत नाही. मुलाने हाती येईल ते पुस्तक उचलावे आणि रमावे, एवढीच आपली अपेक्षा असते आणि पुष्कळदा ती रास्तही असते. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे कोणत्याही पुस्तकात भेटला तरी शाळकरी मुलगाच असतो. त्याच्या साहसकथांतली कोणतीही आधी वाचली तरी फारसे बिघडत नाही. परंतु जगाच्या बालसाहित्यात एक माला अशी आहे की तिच्यातला नायक खेळण्यातले अस्वल असल्यामुळे स्वतः वाढत नाही, आणि त्याचा धनी मात्र पानागणिक वाढत जातो. ए. ए. मिल्न यांच्या ‘विनी-द-पू’च्या मालेबद्दल आम्ही बोलत आहोत. या मालेचा क्रम मोडला की नेमकी ही वाढच नाहीशी होते, आणि मागे उरते ते केवळ एक गोड, मधाच्या बुधल्यात तोंड घालून बसलेले अस्वल. हा क्रम कसा घडला आणि पुढे कसा विस्कटला, हे पाहण्याचा येथे विचार आहे.

मालेत पुस्तके चार. ‘व्हेन वुई वेअर व्हेरी यंग’ हा कवितासंग्रह नोव्हेंबर १९२४ मध्ये निघाला. ‘विनी-द-पू’ हे गोष्टींचे पुस्तक १४ ऑक्टोबर १९२६ रोजी, ‘नाऊ वुई आर सिक्स’ हा दुसरा कवितासंग्रह ऑक्टोबर १९२७ मध्ये, आणि ‘द हाउस ॲट पू कॉर्नर’ हे गोष्टींचे दुसरे व शेवटचे पुस्तक ऑक्टोबर १९२८ मध्ये प्रसिद्ध झाले. लंडनची मेथुएन ही प्रकाशनसंस्था आणि चित्रकार अर्नेस्ट शेपर्ड ही जोडी चारही पुस्तकांना समान आहे. कविता, गोष्टी, पुन्हा कविता, पुन्हा गोष्टी अशी ही वीण चार वर्षांत पुरी झाली. ज्या मुलासाठी ती विणली गेली त्याचा, म्हणजे ख्रिस्तोफर रॉबिन मिल्नचा, जन्म २१ ऑगस्ट १९२० चा. पहिल्या पुस्तकाच्या वेळी तो चार वर्षांचा होता आणि शेवटच्या पुस्तकाच्या वेळी आठ. ‘आता आम्ही सहा वर्षांचे’ असे ज्याचे नाव, ते तिसरे पुस्तक बाजारात आले तेव्हा प्रत्यक्षातला मुलगा सात पुरे करून बसला होता. लेखणी मुलाच्या वयाला गाठू पाहत होती आणि वय पुढे पळत होते, हे या एका तपशिलावरूनही ध्यानात यावे.

पुस्तकांच्या आधी खेळणे होते. १९२१ साली मुलाच्या पहिल्या वाढदिवसाला लंडनच्या हॅरॉड्स या दुकानातून एक कापडी अस्वल घरी आले. त्याचे नाव प्रथम एडवर्ड होते. ‘विनी’ हे नाव त्याला पुढे मिळाले ते एका जिवंत अस्वलीवरून. कॅनडाच्या सैन्यातील हॅरी कोलबर्न या पशुवैद्याने १९१४ च्या ऑगस्टमध्ये, आघाडीवर जाण्याच्या प्रवासात, ऑन्टारिओतील व्हाइट रिव्हर या स्थानकावर एक काळे अस्वलाचे पिलू वीस डॉलरांना विकत घेतले आणि आपल्या विनिपेग शहरावरून त्याचे नाव विनी ठेवले. फ्रान्सला कूच करण्यापूर्वी, त्याच वर्षीच्या डिसेंबरात, त्याने ते लंडनच्या प्राणिसंग्रहालयात ठेवले. माणसाळलेली ही अस्वली १९३४ पर्यंत तेथे जगली, आणि तिला भेटणाऱ्या असंख्य मुलांत मिल्न यांचा मुलगाही होता. नावाचा दुसरा अर्धा भाग कोठून आला, हे मात्र पुस्तकांतच शोधावे लागते. आणि येथेच क्रमाचा प्रश्न प्रथम डोके वर काढतो.

पहिल्या कवितासंग्रहाच्या प्रास्ताविकात मिल्न सांगतात, की मुलगा एका हंसाला रोज सकाळी खाऊ घालीत असे आणि त्याने त्या हंसाचे नाव ‘पू’ ठेवले होते. त्या पुस्तकात पू हा हंस आहे, अस्वल नाही. अस्वल आहे ते निराळ्या ठिकाणी. १९२४ च्या फेब्रुवारीत ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकात आलेली आणि मग संग्रहात समाविष्ट झालेली ‘टेडी बेअर’ नावाची कविता एका लठ्ठ अस्वलाची चिंता सांगते, आणि त्या अस्वलाचे नाव आहे एडवर्ड. आता १९२६ चे ‘विनी-द-पू’ उघडावे. त्याचे प्रास्ताविक आपल्याला त्या जुन्या हंसाची आठवण करून देते, आणि हंसाचा निरोप घेताना त्याचे नाव अस्वलासाठी आपल्याकडेच कसे ठेवून घेतले गेले ते सांगते. पहिली गोष्ट सुरू होते ती जिन्यावरून डोके आपटत खाली येणाऱ्या अस्वलाने, आणि हे अस्वल वाचकांसमोर येते ते एडवर्ड याच नावाने. ज्याने पहिला संग्रह वाचलेला नाही त्याला हंसाचा उल्लेख म्हणजे एक विक्षिप्त विनोद वाटतो आणि एडवर्ड हे नाव निष्कारण आलेले वाटते. ज्याने तो वाचलेला आहे त्याच्यासमोर एका निर्जीव वस्तूचे नामकरण घडते. लेखकाने दुसऱ्या पुस्तकाचे दार पहिल्या पुस्तकाच्या अंगणात उघडले आहे, हे यावरून स्पष्ट व्हावे.

दुसऱ्या पुस्तकाची रचनाही पाहण्याजोगी आहे. यातील पहिली गोष्ट २४ डिसेंबर १९२५ रोजी ‘ईव्हिनिंग न्यूज’ या लंडनच्या दैनिकात नाताळच्या निमित्ताने आली होती. तिची चित्रे शेपर्ड यांची नसून जे. एच. डाउड यांची होती. पुस्तकात अशा दहा गोष्टी आहेत. बाप सांगतो, मुलगा ऐकतो, मध्येच प्रश्न विचारतो, आणि गोष्टीतही तोच मुलगा वावरतो, अशी ही मांडणी आहे. आरंभी अस्वल जिन्यावरून आपटत खाली येते. शेवटी मुलगा अंघोळीसाठी वर जाताना त्याला तसेच आपटत वर नेतो. या दोन आपटण्यांच्या मधल्या वेळात खेळण्यांना वाचा फुटते. ती बोलतात, चुकतात, आपली अल्प बुद्धी जमेस धरून मोठमोठ्या मोहिमा काढतात. पण त्यांचा प्राण बापाच्या आवाजात आणि मुलाच्या ऐकण्यात आहे, हे मिल्न आपल्याला विसरू देत नाहीत. आपल्याकडची ठकी जशी मुलीच्या बोलण्यानेच बोलती होते, तसाच हा प्रकार.

गोष्टींच्या अरण्यालाही पत्ता आहे. १९२५ मध्ये मिल्न यांनी ससेक्स परगण्यात हार्टफील्ड गावाजवळ कॉचफर्ड फार्म हे घर घेतले. त्याला लागून असलेले ॲशडाउनचे अरण्य, तिथली पाइन वृक्षांची झुंबड आणि ओढ्यावरचा लाकडी पूल शेपर्ड यांनी प्रत्यक्ष पाहून चितारला. पात्रेही घरातलीच होती. ईयोर हे गाढव नाताळची भेट म्हणून आले होते. पिगलेट हे डुकराचे पिलू शेजाऱ्यांकडून आले. घुबड आणि ससा मात्र मिल्न यांनी कल्पनेने निर्मिले. त्यांचे खेळणे कधीच नव्हते. कांगा आणि टिगर ही खेळणी आईबापांनी गोष्टींचा उपयोग मनात धरूनच निवडली होती, असे मुलाने पुढे मोठेपणी नमूद केले आहे. म्हणजे आरंभी खेळण्यांतून पुस्तक निघाले आणि नंतर पुस्तकासाठी खेळणी येऊ लागली. हा उलटा फिरलेला प्रवाह क्रमाने वाचणाऱ्यालाच दिसतो. कांगा पहिल्या गोष्टीपुस्तकाच्या मध्यावर अरण्यात अवतरते, टिगर तर दुसऱ्या गोष्टीपुस्तकापर्यंत येतच नाही. आणि प्रत्येक आगमनाच्या वेळी जुन्या रहिवाशांत जी खळबळ उडते, तोच त्या त्या गोष्टीचा विषय असतो.

दोन गोष्टीपुस्तकांच्या मध्ये १९२७ चा कवितासंग्रह येतो. पुष्कळ वाचक तो ओलांडून जातात. त्याच्या आरंभीच्या टिपेत मिल्न यांनी अशी थट्टा केली आहे, की हे पुस्तक आपलेच असावे अशा समजुतीने पू यात शिरला आणि आपल्या मित्राला शोधता शोधता चुकून काही पानांवर बसला. थट्टा असली तरी ती खरी आहे. कवितांत, आणि त्याहून अधिक शेपर्ड यांच्या चित्रांत, अस्वल जागोजागी दिसते. ‘अस टू’ या कवितेत तर मुलगा आणि अस्वल यांची जोडी अभेद्य झालेली आहे. गोष्टींत अस्वल अरण्यात राहते. कवितांत ते पाळणाघरात, खिडकीशी, मुलाच्या अंथरुणाशी असते. अरण्यातले आणि घरातले अस्वल एकच आहे, हे जाणण्यासाठी दोन्ही प्रकारची पुस्तके आलटून पालटून वाचावी लागतात. शिवाय हा संग्रह ‘द एंड’ या कवितेने संपतो, जिच्यात एकेक वर्षाची मोजणी करीत मुलगा सहा वर्षांवर येऊन थांबतो आणि तेथेच कायम राहावे अशी इच्छा करतो. ही इच्छा पुरी होणार नाही, हे पुढचे पुस्तक सांगते.

‘द हाउस ॲट पू कॉर्नर’ला मिल्न यांनी प्रास्ताविक लिहिले नाही, त्याऐवजी त्याच्या उलट अर्थाचा एक शब्द वापरून निरोपाचे दोन शब्द लिहिले. प्रास्ताविक हे ओळख करून देण्यासाठी असते. येथे ओळख आधीच झालेली आहे आणि आता निरोप घ्यावयाचा आहे, असा त्याचा आशय. चौथ्या पुस्तकाच्या पहिल्याच पानावर लेखक आपल्या वाचकाकडून आधीच्या वाचनाची अपेक्षा करतो, याहून उघड पुरावा कोणता हवा? रचनाही बदललेली आहे. बाप सांगतो आहे आणि मुलगा ऐकतो आहे, ती चौकट आता नाही. खेळणी स्वतःच्या बळावर जगतात. ईयोरसाठी घर बांधले जाते, घुबडाचे घर वादळात कोसळते, पिगलेट आपले घर त्याला देऊन टाकतो आणि पूकडे राहावयास जातो. या पुस्तकात घर होणे आणि मोडणे सतत चालू आहे, आणि मुलगा मात्र दिवसेंदिवस कमी दिसतो. पाचव्या प्रकरणात तो सकाळी कोठे जातो याचा शोध सारे अरण्य घेते. तो शिकावयास जाऊ लागला आहे, हे वाचकाला कळते आणि पात्रांना जेमतेम. शेवटच्या प्रकरणात मुलगा अस्वलाला घेऊन टेकडीवरच्या एका मंतरलेल्या जागी जातो, आता आपल्याला काहीही न करता बसण्याची मुभा राहणार नाही असे सांगतो, आणि आपल्याला विसरू नकोस असे वचन मागतो. वचन मागणारा तो आहे. विसरणारा कोण असणार, हे मोठ्या वाचकाला ठाऊक असते. बालसाहित्यात इतका संयमित वियोग क्वचितच आढळेल. पण तो वियोग वाटावयाचा तर आधीची चार वर्षे वाचकाने त्या घरात काढलेली असली पाहिजेत.

असा हा क्रम नैसर्गिक असताना तो मोडला कसा? मिल्न ३१ जानेवारी १९५६ रोजी निवर्तले. त्यानंतर अमेरिकेतील डटन या प्रकाशनसंस्थेने १९५७ मध्ये गोष्टींची दोन पुस्तके ‘द वर्ल्ड ऑफ पू’ या एका जाड ग्रंथात आणि १९५८ मध्ये कवितांची दोन पुस्तके ‘द वर्ल्ड ऑफ ख्रिस्तोफर रॉबिन’ या दुसऱ्या ग्रंथात बांधली. प्रकाशकाचा हेतू सोयीचा होता, आणि गद्य एकीकडे व पद्य एकीकडे ही विभागणी कोणालाही तर्कशुद्धच वाटेल. पण परिणाम असा झाला की अस्वलाचे जग एक आणि मुलाचे जग दुसरे ठरले. ज्या वीणेत एक धागा घराचा आणि एक अरण्याचा होता, ती उसवून दोन धागे दोन रिळांवर गुंडाळले गेले. पुढे वॉल्ट डिस्ने कंपनीने १९६१ मध्ये हक्क मिळवले आणि १९६६ पासून चित्रपट काढले. १९६८ च्या चित्रपटाने दोन्ही पुस्तकांतील प्रसंग एकत्र मिसळले, आणि तेव्हापासून टिगर हा आरंभापासूनचा रहिवासी वाटू लागला. निष्पक्षपणे हेही सांगितले पाहिजे, की याच चित्रपटांना एकत्र गुंफून केलेल्या १९७७ च्या चित्रपटाचा शेवट मूळ पुस्तकातल्या निरोपाच्या प्रसंगावरच बेतलेला आहे. तथापि खेळणी, पाट्या-दप्तरे आणि वाढदिवसाच्या केकवरून जे अस्वल आपल्या घरांत शिरले, त्याला ना आरंभ आहे ना शेवट. आपल्या मुलांपैकी बहुतेकांना ते असेच भेटते.

मालेच्या दोन्ही टोकांना अलीकडे जोडही लागले आहेत. मिल्न यांच्या वारसांच्या विश्वस्तांच्या संमतीने २००९ मध्ये डेव्हिड बेनेडिक्टस यांचे ‘रिटर्न टू द हंड्रेड एकर वूड’ निघाले. त्यात मुलगा शाळेतून सुटीसाठी अरण्यात परत येतो. २०१६ मध्ये चार लेखकांचे आणखी एक पुस्तक आले. २०२१ मध्ये जेन रिऑर्डन यांचे ‘वन्स देअर वॉज अ बेअर’ निघाले, जे अस्वल दुकानातून घरी कसे आले तेथून आरंभ करते. या पुस्तकांच्या गुणदोषांत आम्ही येथे शिरत नाही. परंतु पूर्वकथा आधी वाचावी काय, असा प्रश्न कोणी केला तर आमचे उत्तर नकारार्थी आहे. सी. एस. लुईस यांच्या नार्निया मालेतही पाचच वर्षांनी, म्हणजे १९५५ मध्ये, निघालेली पूर्वकथा पुढील आवृत्त्यांत पहिल्या क्रमांकावर बसविली गेली, आणि जे हळूहळू उलगडावयाचे ते आधीच सांगून टाकले गेले, अशी तक्रार अनेक वाचक आजही करतात. उत्तरकथेबद्दल तर अधिकच सावध असावे. ज्या पुस्तकाचा अर्थ निरोपात आहे त्याच्यानंतर लगेच पुनर्भेटीचे पुस्तक मुलाच्या हाती देणे, म्हणजे निरोप खोटा ठरविणे होय.

योगायोग असा, की विस्कटलेला हा क्रम कायद्याने काही अंशी परत जुळविला. अमेरिकेत या पुस्तकांचे स्वामित्वहक्क प्रकाशनवर्षानुसार संपत गेले. पहिला संग्रह १ जानेवारी २०२० रोजी, ‘विनी-द-पू’ २०२२ मध्ये, दुसरा संग्रह २०२३ मध्ये आणि शेवटचे पुस्तक २०२४ मध्ये सार्वजनिक मालकीचे झाले. त्यामुळे २०२२ ते २०२४ या काळात तेथे पू मुक्त होता आणि टिगर बंधनात. कारकुनी तारखांनी का होईना, टिगर नंतर आला ही गोष्ट जगाला पुन्हा एकदा कळली.

या साऱ्याला एक मानवी बाजू आहे, आणि क्रमाचा आग्रह धरण्याचे आमचे मुख्य कारण तेच आहे. पुस्तकातला मुलगा खरा होता. शाळेत त्याला त्याच्याच नावाच्या कवितेची ध्वनिमुद्रिका वाजवून छळण्यात आले. आपल्याला हवी होती त्याहून अधिक प्रसिद्धी मुलाच्या वाट्याला आली, हे मिल्न यांनाही १९२९ मध्येच जाणवले होते आणि ती जाणीव त्यांनी लिहूनही ठेवली. माला चौथ्या पुस्तकावर थांबली त्यामागे हेही एक कारण होते. मुलाने १९५१ मध्ये डार्टमथ येथे पुस्तकांचे दुकान काढले, आणि १९७४ मध्ये आत्मकथन लिहिले त्याचे नाव ‘द एन्चँटेड प्लेसेस’. हे नाव शेवटच्या पुस्तकातील शेवटच्या प्रकरणातून उचललेले आहे. ज्या जागी बापाने त्याला कायमचे थांबवून ठेवले होते तेथून तो पन्नाशी ओलांडल्यावर बोलतो आहे, हे त्या नावात आहे. आणि ते फक्त त्यालाच उमजते ज्याने चौथे पुस्तक चौथे म्हणून वाचले आहे. मूळ खेळणी १९४७ मध्ये अमेरिकेला गेली आणि १९८७ मध्ये न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या स्वाधीन झाली. त्यांत रू हे कांगाचे पिलू नाही. ते १९३० च्या दशकातच सफरचंदाच्या बागेत हरवले.

आता व्यवहाराचा प्रश्न. कविता जुन्या इंग्रजी घरातल्या, दाया आणि पाळणाघरे यांच्या जगातल्या आहेत; त्यांची यमके दुसऱ्या भाषेत उतरत नाहीत आणि इंग्रजी दुसरी भाषा असलेल्या आपल्या मुलांना त्या रुक्ष वाटतील, असा आक्षेप पालक घेतील. तो आम्हांस मान्य आहे. ज्यांना चारही पुस्तके ओळीने वाचून दाखविणे शक्य नाही त्यांनी पहिल्या संग्रहातील प्रास्ताविक आणि ‘टेडी बेअर’ एवढे तरी आधी वाचावे, मग १९२६ चे पुस्तक घ्यावे. १९२७ च्या संग्रहातील ‘अस टू’ आणि ‘द एंड’ या दोन कविता मधल्या पायरीसारख्या वाचाव्यात, आणि मग १९२८ चे पुस्तक उघडावे. शक्य असल्यास दोन गोष्टीपुस्तकांमध्ये एखाद्या वर्षाचे अंतर राहू द्यावे, कारण मूळ वाचकांना तर दोन वर्षांचे अंतर होते आणि अशा अवधीत ऐकणारे मूलही थोडे वाढलेले असते. शेवटच्या प्रकरणानंतर मुलाने पुढचे पुस्तक मागितले तर नाही म्हणण्याचे कारण नाही. फक्त ते त्याच रात्री देऊ नये.

खेळणे मोडते, हरवते किंवा माळ्यावर जाते. ते टाकून मूल पुढे जाते, आणि त्यात खेदाचे काही नाही; तसे झाले नाही तरच चिंता करावी. मिल्न यांनी चार लहान पुस्तकांत ही सर्वसामान्य घटना पहिल्या वाढदिवसाच्या भेटीपासून टेकडीवरच्या निरोपापर्यंत लिहून ठेवली. ती ज्या ओळीने घडली त्याच ओळीने ऐकण्याचा हक्क आपल्या मुलांनाही आहे, एवढेच आमचे म्हणणे आहे.